सुईण गेली, तिच्या जागी कोण आलं?

महाराष्ट्रात आज शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत हा आकडा ९४.७ टक्के निघाला. २००५-०६ साली तो ६४.६ होता. पंधरा वर्षांत बाळंतपण घरातून उठून दवाखान्यात गेलं. खेड्यातल्या एकाच घरात सासूची सगळी बाळंतपणं सुईणीच्या हातची असतात आणि सुनेची दोन्ही ग्रामीण रुग्णालयातली. याच काळात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची संख्याही झपाट्याने खाली आली. २००१-०३मध्ये राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातामृत्यू होत होते, २०१८-२०मध्ये ३३. यामागे रस्ते, रुग्णवाहिका, रक्ताची सोय, उशिरा होणारी लग्नं, कमी झालेली मुलं अशी कितीतरी कारणं आहेत, आणि दवाखाना हे त्यातलं मोठं कारण आहे. ज्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणात गेली, त्या घराला या आकड्यांचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

या बदलावर डॉक्टर बोलले, सरकार बोललं, संस्था बोलल्या. ज्यांच्या अंगावर तो घडला त्या बायकांचं म्हणणं मात्र उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी नोंदलं गेलं. हे तुकडे शेजारी ठेवून वाचले की ‘घर बरं की दवाखाना बरा’ हा आपला नेहमीचा वाद फार तोकडा वाटू लागतो. खेड्यातली बाई दवाखान्याच्या विरोधात नाही आणि सुईणीला देव्हाऱ्यात बसवायलाही ती निघालेली नाही. अडल्या वेळी डॉक्टर, रक्त आणि गाडी तिला हवीच आहे. त्याशिवाय तिला कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत जवळून न हलणारं एक जाणतं बाईमाणूस हवं आहे. सोय आपण बऱ्याच अंशी दिली. सोबत होती ती काढून घेतली आणि तिच्या जागी कोणाला आणून बसवलं नाही.

सुईण, विदर्भात दाई, गोव्यात वयजीण. या बाईला कोणी नेमलेलं नसतं. आईच्या किंवा सासूच्या मागे जाऊन जाऊन ती शिकते. बहुधा चाळिशी-पन्नाशी उलटलेली, स्वतः चार-सहा वेळा बाळंत झालेली, पुष्कळदा विधवा. मराठी मुलखात बऱ्याच गावी हे काम मातंग बायकांकडे होतं. कुठे न्हाव्याची बाई ते करी, तर आदिवासी पाड्यांवर घरातली किंवा नात्यातली जाणती म्हातारीच पुरे. मोबदला म्हणजे सूपभर धान्य, नारळ, लुगडं-चोळी, नंतर नंतर शंभर-दोनशे रुपये. मुलगा झाला तर हात थोडा सैल सुटे, मुलगी झाली तर आखडे. बायका सुईण निवडायच्या ती मात्र जातीवरून किंवा वयावरून नव्हे, तर ‘हाताला गुण आहे’ या एका गोष्टीवरून. कोणाचा हात हलका, कोणाचा जड, कोण घाई करते, कोण धीर धरते, कोणी कोणाला वेळेत तालुक्याला न्यायला सांगितलं, याची नोंद गावातल्या बायकांच्या तोंडी वर्षानुवर्षं असते. सगळ्या सुईणी एका मापाच्या असतात ही समजूत गावाबाहेरच्यांची.

ती करते काय, हे जरा जवळून पाहायला हवं, कारण ‘अडाणी बाई’ आणि ‘पारंपरिक ज्ञान’ या दोन्ही शब्दांखाली तिचं काम झाकलं जातं. सातव्या-आठव्या महिन्यात ती येऊन पोटाला तेल लावते आणि हात फिरवता फिरवता डोकं कुठे आहे ते चाचपते. कळा लागल्या की आधी त्या खऱ्या की खोट्या ते बघते. कोऱ्या चहाचा घोट देते, कंबर चोळते, बाईला घरातल्या घरात फिरायला लावते. खोलीत गोणपाट आणि त्यावर जुनं धुतलेलं लुगडं. आढ्याला दोर बांधलेला असतो, तो धरून बाई उकिडवी बसते, मागून आई किंवा जाऊ तिला काखेत हात घालून धरते. सुईण समोर बसते. डोकं दिसू लागलं की कापडाची घडी हातात किंवा टाचेखाली घेऊन खालच्या बाजूला आधार देते, म्हणजे फाटू नये. आणि बोलत राहते. आता जोर कर, आता थांब, तोंड उघडून श्वास घे. मूल बाहेर आलं तरी नाळ लगेच कापायची नाही, वार पडू द्यायची आणि मग कापायची, ही पद्धत देशातल्या बऱ्याच भागांत सापडते. मूल रडलं नाही तर काही दाया वार ऊन पाण्यात किंवा निखाऱ्यावर गरम करतात. त्यांच्या मते जीव वारेतून नाळेवाटे बाळात येतो. जॅनेट चावला यांच्या ‘मातृका’ प्रकल्पाने आणि पुण्याच्या डॉ. मीरा सद्गोपाल यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘जीवा’ अभ्यासाने दायांच्या अशा पद्धती त्यांच्याच तोंडून टिपून ठेवल्या. ‘जीवा’ने निवडलेल्या चार भागांत आपला नंदुरबारही होता.

यातलं काय टिकतं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या वेळच्या काळजीबद्दल ५६ शिफारशी केल्या. कळा देताना बाईला फिरू द्या, तिला सोयीचं वाटेल त्या स्थितीत बाळंत होऊ द्या, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या, खायला-प्यायला द्या, सरसकट चीर देऊ नका, वरून पोट दाबू नका, असं त्यात आहे. नाळ किमान एक मिनिट तरी कापू नये हेही आता सर्वमान्य आहे. म्हणजे गावठी म्हणून हिणवलेल्या निम्म्या गोष्टी शास्त्राने मान्य केल्या, तेही आपल्या प्रसूतिगृहांतून त्या हद्दपार झाल्यावर. वार गरम करण्याबद्दल मात्र मी सावध आहे. श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात कोरडं करून, पाठ चोळून, गरज पडली तर पिशवी-मास्कने हवा द्यावी लागते. तो वेळ निखारे फुलवण्यात जाऊ नये.

आणि दुसरी बाजू काळी होती हेही तितकंच खरं. न धुतलेला हात आत घालून तपासणं, कळांची घाई करून पोटावर दाब देणं, हाताशी असेल त्या विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापणं, नाळेवर राख किंवा शेण लावणं, यातून बाळांना धनुर्वात झाला आणि बायकांना जंतुसंसर्ग. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर भारत २०१५ साली माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त ठरला, आणि त्यात प्रशिक्षित दायांचाही वाटा होता. पण वार पडल्यावर सुरू झालेला रक्तस्राव सुईणीच्या हाताने थांबत नाही. त्यात बाई दोन तासांत जाऊ शकते.

बाळंतपणातले असे धोके गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने मोजून पाहिले. घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायकांवर लक्ष ठेवलेल्या या अभ्यासात दर दहांतल्या एकीच्या कळा प्रमाणाबाहेर लांबल्या, सुमारे तीन टक्के बायकांना बाळंतपणानंतर जादा रक्तस्राव झाला, आणि जवळपास १५ टक्के बायकांना तातडीच्या प्रसूती-उपचाराची गरज होती. याचा अर्थ दोन्ही अंगांनी लावावा लागतो. शंभरातल्या पंधराजणींना ज्या गोष्टीची गरज आहे ती सुईणीपाशी नाही. उरलेल्यांना आधार, स्वच्छता, धीर आणि बाळंतपणानंतरची काळजी लागते, आणि ती आपल्या दवाखान्यात फार कमी मिळते. त्या पंधराजणी कोणत्या, हे आधी सांगता येत नाही. सगळा पेच या एका वाक्यात आहे, आणि गावातल्या बायकांना तो पुरता ठाऊक आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं त्या उगाच म्हणत नाहीत.

‘सर्च’च्या डॉ. राणी बंग यांचा उल्लेख इथे केवळ आकड्यांसाठी नको. १९८९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास मांडला. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यांपैकी फार थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. बायकांचं दुखणं कोणी विचारलंच नव्हतं. पुढे त्यांनी बायकांशी, दायांशी वर्षानुवर्षं बोलून जे ऐकलं ते ‘कानोसा’ या पुस्तकात आलं. अशा ऐकण्यातून उलगडलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खेड्यापाड्यातल्या कितीतरी बायका दिवस गेल्यावर मुद्दाम कमी जेवतात. आरोग्य खात्याच्या लेखी हे अज्ञान, पण त्यामागे सरळ हिशोब आहे: मूल मोठं झालं तर अडेल, आणि अडलं तर इथून दवाखाना किती लांब! ही भीती पोषणाच्या तक्त्याने जात नाही. अडल्यावर कोणी वेळेत पोचवेल याची खात्री पटली की जाते. लोहाच्या गोळ्या न घेण्यामागेही पुष्कळ ठिकाणी हेच कारण निघतं.

ग्रामीण स्त्रियांचं मत म्हणताना आणखी एक चूक होते. सुईण हीसुद्धा ग्रामीण स्त्रीच आहे, आणि तिचं मत कोणी धरत नाही. उत्तर प्रदेशात बिजनौरला पॅट्रिशिया जेफरी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केलेल्या अभ्यासात दाई ही मानाची जाणती बाई नसून नाळ कापण्याचं ‘घाण’ काम करणारी, खालच्या जातीची, गरजेपुरती बोलावलेली मजूर असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात चित्र इतकं एकरंगी नव्हतं. कोकणात, देशावर, आदिवासी भागात वेगवेगळं होतं. पण ज्या मातंग बाईच्या हातात मूल पहिल्यांदा येतं, तिला त्याच घराच्या स्वयंपाकघराची पायरी चढता येत नसे, हे आपल्याकडेही होतंच. सुवेर फिटेपर्यंत ती हवी, सुवेर फिटलं की घर सारवून, गोमूत्र शिंपडून तिचा स्पर्श पुसायचा. घरी झालेलं बाळंतपण म्हणजे विटाळाचे कपडे धुणं, वार पुरणं, खोली काढणं, आणि हे कोणी करायचं ते जातीने ठरलेलं. सुईणीच्या लेकी-सुनांनी हे काम सोडलं ते केवळ सरकारने नको म्हटलं म्हणून नाही. त्यांना ते नकोच होतं. परंपरा जपायला हवी असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी ती कोणाच्या खांद्यावर जपायची हे आधी सांगावं. दुसऱ्या बाजूला सवर्ण घरातल्या सुनाही सांगतात की दवाखान्यात गेल्याने विटाळाची सगळी उठाठेव घरातून गेली आणि सासूचे टोमणे कमी झाले. दवाखाना बायकांनी स्वीकारला त्यामागे अशी कारणंही आहेत, आणि ती फारशी नोंदली जात नाहीत.

सुईणीबद्दल सरकारचं धोरण काय होतं? थोडं मागे जाऊ. दाई शिकवण्याचा सुरुवातीचा एक ठळक प्रयत्न १८६६ साली अमृतसरला झाला. १८८५ साली बायकांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी डफरिन फंड आला, १९०३ साली लेडी कर्झन यांनी दाई-प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी उभारला. वसाहतीच्या काळातल्या अहवालांत दाई म्हणजे घाण, अज्ञान आणि मृत्यू. बायका मरत होत्या, म्हणून हा राग पूर्ण खोटा नव्हता. पण बायका दायांकडेच का जातात हे विचारण्याची गरज त्यात कोणाला वाटली नाही. याच काळात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात बसून १८८६ साली हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहीत होत्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. स्त्री डॉक्टर हवी हे त्यांनी पोळून निघून सांगितलं. मिशनऱ्यांच्या किंवा लाटसाहेबांच्या बायकांच्या अहवालापेक्षा वेगळ्या जागेवरून आलेला तो आवाज होता. पुढे रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने मराठी बायकांना, त्यात कितीतरी विधवांना, परिचारिका आणि प्रसूतिकेच्या शिक्षणाकडे वळवलं. ब्राह्मण विधवेने बाळंतपण करायचं, ही त्या काळी केवढी झेप होती!

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने मध्यममार्ग सांगितला: पुरेशा शिकलेल्या प्रसूतिका तयार होईपर्यंत दायांना शिकवून घ्या. १९७७च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दर हजार लोकवस्तीमागे एक दाई, तीस दिवसांचं प्रशिक्षण, स्वच्छ साहित्याची पेटी आणि नोंदवलेल्या बाळंतपणामागे दहा रुपये असं ठरलं. प्रशिक्षण देणारी शिकलेली, घेणारी निरक्षर. व्याख्यान झालं, पेटी मिळाली, पुढे कोणी विचारपूस केली नाही. पेटीतलं पातं संपल्यावर नवं कुठून आणायचं हेही बहुतेक ठिकाणी ठरलेलं नव्हतं. मग ‘दाई-प्रशिक्षणाने मातामृत्यू कमी होत नाहीत’ असा निष्कर्ष निघाला. तो खराच होता, कारण कितीतरी मातामृत्यू रक्तस्रावाने आणि अडलेल्या मुलाने होतात आणि त्यावर पेटीत काही नव्हतं. पण नवजात बाळांचं काय? २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दायांना शिकवलं आणि पाठीशी कोणी उभं राहिलं तर नवजात बाळांचे मृत्यू साधारण पाचव्या हिश्शाने घटतात, असं दिसलं.

पाठीशी उभं राहणं म्हणजे काय, याचे दोन वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहेत. १९७०मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावांनी निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांना त्यांनी ग्रामआरोग्य सेविका म्हणून उभं केलं. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, झालेलं सांगत, चुकलेलं शिकत, परत जात. सुईणीचं काम त्यांनी शिकून घेतलं, आणि कोणाला वेळेत पाठवायचं तेही. एका दलित बाईच्या हातून सवर्ण घरातलं बाळंतपण होऊ लागलं, तेव्हा गावाच्या मनातली उतरंडही थोडी हलली. दुसरा वस्तुपाठ गडचिरोलीचा. १९९०च्या दशकात ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळाची घरीच काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. बाळंतपण दाईच करी, शेजारी आरोग्यदूत बसे आणि बाळ जन्मताच त्याच्याकडे बघे. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. दाईला हाकलून हे झालं नाही. तिच्या शेजारी आणखी एक शिकलेली बाई बसली म्हणून झालं.

सरकारी व्यवस्थेत ही शेजारची बाई म्हणजे नर्सबाई, एएनएम. तिच्याबद्दल बोलताना बायकांचा सूर दुहेरी असतो. ती मूळची प्रसूतिका होती. अभ्यासक्रमाचा मोठा भाग बाळंतपणाचा होता आणि उपकेंद्रावर राहून गावातली बाळंतपणं करणं हे तिचं काम. १९७३ साली करतारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय सेविका ठरवलं. प्रशिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं, बाळंतपण आक्रसलं, आणि तिच्या वाट्याला लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, सर्वेक्षणं आणि रजिस्टरं आली. चार-पाच गावं, वर राहायला नीट जागा नाही, रात्री दारावर थाप पडली तर सोबत कोणी नाही. बाळंतपणातला हात सरावाने टिकतो, आणि सराव गेला. सुईण हळूहळू जात असताना जिने तिची जागा घ्यायची, तिचंच काम आपण काढून घेतलं. माझ्या मते साऱ्या प्रश्नाची मेख इथे आहे, आणि सुईण-विरुद्ध-डॉक्टर या गोंगाटात ती हरवली.

श्रीलंकेने याच्या उलट केलं. १९२६ साली कळुतारा इथे पहिलं आरोग्य केंद्र उघडलं तेव्हापासून त्यांनी गावपातळीवर शिकलेली, पगारी, घरोघरी जाणारी प्रसूतिका उभी केली. बायकांनी सुईण सोडली ती या बाईकडे जाण्यासाठी. तिच्या मागे रुग्णालय होतं, पण दारात ती होती.

आपल्याकडे १२ एप्रिल २००५ला जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास ७०० रुपये, सोबत आणणारी आशा सेविका, २०११पासून औषधं, जेवण आणि ने-आण मोफत, २०१४पासून १०८ची गाडी. दाईचं प्रशिक्षण मागे पडलं. बायकांनी या गोष्टी मनापासून घेतल्या. गाडी दारात येते, पैसे लागत नाहीत, बाळाचा दाखला मिळतो, हे त्या आवर्जून सांगतात. तरुण मुली तर घरी बाळंत होण्याची कल्पनाही करत नाहीत.

मग तक्रार कसली? पहिली एकटेपणाची. सोबत आलेली आई दाराबाहेर बसते, आत लोखंडी टेबल, वर दिवा, पाय अडकवलेले, आणि येणारे-जाणारे बघून जातात. चार अनोळखी माणसांत उघडं पडणं हे बाईला कळांपेक्षा जड जातं. दुसरी तक्रार तोंडाची. ओरडलं तर ‘तेव्हा नाही ओरडलीस’ या जातीचं बोलणं, दमदाटी, मांडीवर चापट. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेने सरकारी प्रसूतिगृहांतल्या अशा हिंसेवर काम केलं आहे, आणि त्यात परिचारिकांवरचा कामाचा बोजाही पुढे आला. एकीला एकाच वेळी चार बायका सांभाळायच्या असल्या की आवाज चढतो. पण ऐकणारीच्या मनात तो चढलेला आवाजच राहतो. तिसरी तक्रार पैशांची. बाळ हातात देताना मावशीला द्यायचे ते, मुलगा झाला तर जास्त. सुईणीच्या नारळ-लुगड्याला जो भेदभाव होता, तो या वाटेने दवाखान्यातही शिरला. चौथी, इकडून तिकडे पाठवण्याची. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, प्रत्येक ठिकाणी ‘इथे होणार नाही’. आणि पाचवी सिझरची. २०१९-२१च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझरने झालं. देशभरात खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. निंदणीला वाकणाऱ्या, डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला पोटावरच्या टाक्यांचा अर्थ वेगळा असतो. सिझर लागलं म्हणून जीव वाचला हेही तीच सांगते, आणि खरंच लागलं होतं का, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही, हेही तीच सांगते.

मेळघाट, धडगाव-अक्कलकुवा, मोखाडा-जव्हार, भामरागड-एटापल्ली इथे अजूनही घरी बाळंतपणं होतात आणि दरवेळी त्याचं खापर अंधश्रद्धेवर फुटतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बाईला झोळीत घालून माणसं खांद्यावर नेतात. ही बातमी दर वर्षी छापून येते, तरी घरी बाळंत होणं हा त्या बाईचा हट्ट समजला जातो. यासाठी सरकारने काही आदिवासी भागांत प्राथमिक केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ काढलं. दिवस भरत आले की बाईने आधीच येऊन राहायचं, बुडालेल्या मजुरीचा मोबदलाही मिळतो. कल्पना उत्तम आहे. तरी कितीतरी बायका येत नाहीत, आणि त्यांची कारणं ऐकली की वाद घालायला जागा उरत नाही. घरी दोन लहान मुलं, बकऱ्या, लावणीचे दिवस, नवऱ्याला भाकर कोण देणार? तिथे कोरकू, पावरी, माडिया बोलणारं कोणी नाही. तपासणारा डॉक्टर पुरुष. जेवण आपलं नाही. माहेर म्हणून जिथे बोलावलं तिथे तिची आई नाही आणि तिची दाईही नाही. नवसंजीवनी योजनेखाली या भागांत दायांच्या बैठका घेण्याची पद्धत आहे. त्या बैठकांना येणाऱ्या म्हाताऱ्यांना सूचना दिल्या जातात, पण बाईसोबत माहेरघरात चार रात्री राहायला त्यांना मानधन देऊन बोलावलं तर काय होईल, हे करून पाहण्यासारखं आहे.

डिसेंबर २०१८मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिका सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परिचारिकांना दीड वर्षाचं खास शिक्षण देऊन सामान्य बाळंतपणं स्वतंत्रपणे करणाऱ्या प्रसूतिका तयार करायच्या, असं त्यात ठरलं. तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या साथीने याची सुरुवात त्याआधीच केली होती. भोर समितीने जिची वाट पाहायला सांगितली होती, तीच ही बाई, सत्तर वर्षांनी येऊ घातलेली. माझी काळजी तिच्या नेमणुकीबद्दल आहे. शिकून तयार झालेल्या प्रसूतिका जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात जातील, आणि तिथे त्यांची गरज आहेच. पण धारणी किंवा धडगावच्या रुग्णालयात, रात्रपाळीला, भाषा येणारी अशी एक प्रसूतिका असेल की नाही? तिथल्याच मुलींना या शिक्षणात जागा मिळेल की नाही? ज्या मातंग, पावरा, कोरकू घरांतून सुईणी आल्या, त्या घरांतली बारावी झालेली नात पगारावर आणि मानाने हे काम करू शकली, तर आजीला मिळाला नाही तो मान तिला मिळेल. राखीव जागा, वसतिगृह, विद्यावेतन यांचा हा प्रश्न आहे, आणि तो राज्य सरकारच्या हातातला आहे.

तोवर थांबायचंही कारण नाही. बाळंत होणाऱ्या बाईसोबत तिच्या नात्यातली एक बाई प्रसूतिगृहात असावी, असं केंद्राने २०१६ सालीच राज्यांना कळवलं आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी आणि तिला संसर्गाचा आजार नसावा, अशा अटी त्यात आहेत. नात्याची अट सैल केली तर गावची सुईण यात चपखल बसते. प्राथमिक केंद्रांतल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत दोन टेबलांमध्ये पडदा नाही, म्हणून ‘दुसऱ्या बाईची अडचण होते’ असं सांगून सोबतिणीला बाहेर काढलं जातं. रुग्ण कल्याण समितीला दर वर्षी निधी येतो. पुढच्या बैठकीत गावच्या सरपंच बाईंनी त्या पडद्यांची मागणी कागदावर घ्यावी.